दाणा कुणी टाकला?

साला, पाणी बाटलं की बोट आमच्याकडंच!

1927 साली महाडात बाबासाहेबांबरोबर आमची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तर यांनी शेण-गोमूत्राचे 108 घडे करून तळं शुद्ध केलं. आता समुद्र बाटलाय. पाच मिलिमीटरहून बारीक प्लास्टिक, मायक्रोप्लास्टिक म्हणतात त्याला, मासळीच्या पोटात निघतंय. आलं कुठून? परिसंवादातले साहेब सांगतात : झोपडपट्टी, नाले, पिशव्या. नाल्यातून पिशवी जाते, उन्हात तिचा भुगा होतो, मी नाकारत नाही. कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत येत नाही, हे मात्र त्यांच्या कागदात नसतं.

आणि दाण्याचं काय?

दाणा म्हणजे साबुदाण्याएवढं कोरं प्लास्टिक. बादली, पाइप, साहेबांची खुर्ची, सगळं तो वितळवून होतं. गोणी 25 किलोची. मी मॅट्रिक पास, कविता करतो आणि गोण्या वाहतो. हूक लागून गोणी फाटली की दाणा भसाभस सांडतो. मुकादम बोंबलतो, "अरे, लोट तो गटारात, गाडी खोळंबलीय!" मी लोटतो. गटार खाडीत, खाडी समुद्रात. हा दाणा अजून पिशवी झालेला नाही, कुठल्या झोपडीत शिरलेला नाही. मग तो झोपडपट्टीनं टाकला कसा? बोला ना!

2021 साली कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाज जळालं. त्यावर सुमारे 1680 टन दाणा होता. 2025 च्या मे महिन्यात कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' बुडालं, आणि तिरुअनंतपुरमच्या वाळूत दाणाच दाणा. मधे 2024 साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं दाणा जहाजातून कसा न्यावा याच्या शिफारशी काढल्या. शिफारशी! सक्ती नाही.

कुणी शहाणा आकडे फेकेल. 2017 चा आययूसीएनचा अहवाल : समुद्रात बारीक होऊनच उतरणाऱ्या प्लास्टिकात दाणा अर्धा टक्काही नाही, 35 टक्के कपड्यांच्या धुण्यातून, 28 टक्के टायरच्या झिजेतून. बरं, मानलं. पॉलिस्टर माझी आईपण धुते, सुती परवडत नाही. पण टायर? आमच्या चाळीच्या दारात मोटारी कुणी पाहिल्यात?

गोदामाच्या गटाराला बारीक जाळी लावा म्हणून मी मुकादमाला सांगितलं. म्हणाला, "साहेबांच्या कानावर घालतो." दोन पावसाळे गेले.