स्वेदगृहाचे द्वार

वेरूळ-अजिंठ्याच्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांसाठी आपल्या छत्रपती संभाजीनगरातील मोठ्या हॉटेलांतून सौना व बाष्पगृह यांची सोय असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. व्यायामशाळांनीही त्यांचे अनुकरण केले. त्यापाठोपाठ आपल्या काही वैद्यबंधूंच्या पंचकर्म कक्षांतून ‘सुगंधी स्वेदन’ हा शब्द कानी पडू लागला आणि ‘वाफेत टाकायचे तेल द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक औषधी दुकानांच्या पायऱ्या चढू लागले. सुगंधाला आमचा विरोध नाही. वाळा, नागरमोथा, गवती चहा, निर्गुंडीचा पाला यांच्या वाफेने रुग्णाचे चित्त प्रसन्न होते, हा अनुभव कोणी नाकारणार नाही. आमची तक्रार एवढीच आहे की, या साऱ्या खटाटोपात कुपीची चर्चा फार होते आणि दाराची मुळीच होत नाही.

दाराचा मुद्दा आम्ही पोथीतून शिकलो नाही, तो चुकून शिकलो. म्हणून आधी ती चूक सांगणे प्राप्त आहे. आमच्या कक्षात लाकडी स्वेदनपेटी आहे. डोके बाहेर, बाकी शरीर आत, असा तिचा परिचित घाट. वाफेने लाकूड फुगून दार आपोआप उघडे म्हणून आम्ही त्याला बाहेरून कडी बसवून घेतली होती. काही वर्षांपूर्वी रक्तदाबाची औषधे नियमित घेणारे एक गृहस्थ आत असताना परिचारक टॉवेल आणण्यासाठी म्हणून गेला आणि बाहेर कोणाशी तरी बोलत उभा राहिला. आम्ही सहज डोकावलो तेव्हा रुग्णाची मान एका बाजूला कलली होती. त्यांना गरगरत होते. हाक मारण्याचे त्राण नव्हते आणि आतून कडी काढण्याचा मार्ग नव्हता. सुदैवाने आडवे निजवून, पाय उंच करून, वारा घातल्यावर ते लवकरच सावरले. पेटीत त्या दिवशी निलगिरीचा उत्तम दरवळ होता. त्याच सायंकाळी आम्ही कडी उपटून टाकली आणि तिच्या जागी आतून ढकलताच उघडेल असे लोहचुंबकाचे साधे टेकण लावले.

नंतर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४वा अध्याय पुन्हा वाचावयास घेतला तेव्हा मन खजील झाले. अग्निस्वेदाचे १३ प्रकार सांगताना तेथे जेन्ताक स्वेदाचे जे वर्णन येते, ते आजच्या सौनाच्या फार जवळ जाते. १६ अरत्नी उंच-रुंद असे वर्तुळाकार, मातीने लिंपलेले, अनेक वातायने असलेले घर. मध्यभागी पुरुषभर उंचीची, सूक्ष्म छिद्रांची, झाकणाची भट्टी. तीत खैरासारखी लाकडे जाळून धूर निघून गेल्यावरच रुग्णाचा प्रवेश. आणि भिंतीलगत एक अरत्नी उंच व तितकीच रुंद ओटी, जी थेट दारापर्यंत गेलेली असावी असा स्पष्ट निर्देश. रुग्णाने ओटीवर निजावे, घाम आणि मूर्च्छा यांनी व्याकूळ झाला तरी प्राण असेतो ती ओटी सोडू नये, असे तेथे बजावले आहे. पुष्कळ जण एवढेच वाक्य उचलतात आणि ‘सहन करा, बाहेर येऊ नका’ असा त्याचा अर्थ रुग्णाला सांगतात. तो विपर्यास आहे. आचार्यांनी लगेच कारण दिले आहे : ओटी सुटली तर दार सापडणार नाही आणि प्राण जाईल. ओटी ही बाहेर पडण्याची वाट आहे. स्रोतसे मोकळी झाली, अंग हलके झाले, जखडलेपणा गेला असे वाटताच तिच्याच आधाराने दार गाठावे, अशी पुढील आज्ञा आहे. घड्याळाचा तेथे उल्लेखही नाही. केव्हा उठायचे ते रुग्णाच्या लक्षणांवर ठरते.

हा विपर्यास किती महाग पडतो याची दोन उदाहरणे परदेशांत घडली. ऑक्टोबर २००९मध्ये अमेरिकेतील सेडोना येथे एका व्याख्यात्याने चालविलेल्या घाम काढण्याच्या विधीत तिघे दगावले. आत टिकून राहण्याचे प्रोत्साहन देणाऱ्या त्या मार्गदर्शकास २०११मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरण्यात आले. ऑगस्ट २०१०मध्ये फिनलंडमधील हाइनोला येथे ११० अंश सेल्सियसच्या सौनात बसून राहण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीतील रशियन स्पर्धक मृत्यू पावला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. जे जन्मापासून सौनात वाढले त्यांच्या देशात हे घडले! आपला रुग्ण तर वैद्याच्या शब्दाखातर बसून राहतो. ‘अजून पाच मिनिटे’ हे आपले शब्द त्याला कडीसारखेच असतात.

ज्या जर्मनीत तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओतून टॉवेलने उष्ण वारा फिरविण्याचा ‘आउफगुस’ नावाचा विधी रूढ आहे, तेथे तो करणारी व्यक्ती आरंभीच सांगते की, ज्याला नकोसे होईल त्याने केव्हाही निघून जावे. दार बाहेरच्या बाजूस उघडते व त्याला कुलूप-कडी नसते. सारा विधी सुमारे १० ते १५ मिनिटांत आटोपतो.

आता सुगंधाविषयी. सौनाची हवा ८० ते १०० अंश, पण कोरडी असते; घाम सुकतो आणि शरीर निवते. बाष्पगृहात ४० ते ५० अंशच असले तरी हवा ओलाव्याने भरलेली असल्याने घाम सुकत नाही. म्हणून कमी अंशांकडे पाहून बाष्पस्वेद सौम्य समजणे चूक होय. तेलाचे म्हणाल तर निलगिरी तेलाच्या वाफा ५० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोग्या होतात. सौनाचे दगड त्याहून कितीतरी पट तप्त असतात. त्यांवर निखळ तेल शिंपडणे म्हणजे आगीला आमंत्रण. पाण्यात नुसते थेंब टाकूनही भागत नाही, कारण तेल वर तरंगते आणि पहिल्याच ओगराळ्यात दगडावर जाते. पाण्यात मिसळणारे म्हणून सिद्ध केलेले द्रव्य वापरावे, किंवा आपल्या परंपरेप्रमाणे पाल्याचा काढाच वाफेसाठी उकळावा. आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. तो स्वस्तही पडतो.

औषधी दुकानदार मित्रांना एक विनंती. भीमसेनी कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एकत्र करून होणारी अमृतधारा घरोघरी परिचित आहे, आणि ग्राहक तीच वाफेत टाकण्यासाठी नेतो. बंद पेटीत तिचे चार थेंबही डोळ्यांना झोंबतात, दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आकसू शकते. कापूर व निलगिरी यांनी लहान मुलांत झटके आल्याची नोंद वैद्यकात आहे. तान्ह्या बाळाजवळ पुदिन्याचे सत्त्व तर नेऊच नये. ‘कोणासाठी नेता?’ हा प्रश्न कुपी देताना विचारला तर गिऱ्हाईक तुटत नाही. खोली सुवासित करण्यासाठी विकली जाणारी कृत्रिम सुगंधाची तेले वाफेसाठी देऊ नयेत.

प्रेशर कुकरच्या शिटीच्या जागी सरळ रबरी नळी जोडून नाडीस्वेद देण्याची पद्धत आपल्यांत सर्रास आहे. चरकांची नाडी दोन-तीन ठिकाणी वाकविलेली असते, ती याचसाठी की वाफेचा प्रचंड वेग मोडावा आणि त्वचा न भाजता सुखाने घाम यावा. आम्ही नळीला दोन वळणे देऊन तोंडाशी निर्गुंडीचा पाला बांधतो. बोअरच्या जड पाण्याने यंत्राच्या कॉइलवर क्षाराचा थर चढतो व सुरक्षा-झडप अडकते; आठवड्यातून एकदा ती उघडून पाहावी. हे काम तंत्रज्ञाचे म्हणून आपण टाळतो, पण भाजलेला रुग्ण तंत्रज्ञाकडे जात नाही.

स्वेदनास अयोग्य असणाऱ्यांची यादी सर्वांना पाठ आहे : गर्भिणी, रक्तपित्ती, मद्यपी, मधुमेही, क्षुधित, तृषित, श्रांत, दुर्बल. तरी मधुमेह्यांना ‘वजन उतरते’ म्हणून पेटीत बसविले जाते. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना चटका कळत नाही, हे तरी ध्यानात घ्यावे. डोळ्यांवर ओले स्वच्छ वस्त्र अथवा कमळाच्या पाकळ्या आणि हृदयाशी शीत स्पर्श हा विधीही सुगंधाच्या उत्साहात मागे पडला आहे. फुलेच वापरायची तर ती येथे वापरावीत.

आमच्या कक्षात आता नियम असा आहे की, पेटीत माणूस असेतो परिचारकाने खुर्ची सोडायची नाही. त्याचा फोन बाहेरच्या टेबलावर राहतो. चिकित्सेच्या चार पादांत उपस्थात्याला स्थान आहे, ते टॉवेल आणण्यापुरते नाही. बाहेर आल्यावर रुग्णास लगेच थंड पाण्याने स्नान करू देत नाही. मुहूर्तभर विश्रांती, मग कोमट पाणी. अतिस्वेद झालाच तर मधुर, स्निग्ध, शीत असा ग्रीष्मातील उपचार. मराठवाड्याच्या वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा दुपारची पेटी आम्ही बंदच ठेवतो. त्यामुळे दोन महिने उत्पन्न घटते, हे खरे आहे. काढून टाकलेली ती कडी मात्र आम्ही फेकली नाही. नव्या परिचारकाला पहिल्या दिवशी ती हातात देऊन तिची हकिगत सांगतो.