वसई किल्ल्याजवळ गाळा शोधताय? आधी हे वाचा



बोरीवलीहून विरार लोकल पकडली की अर्ध्या तासात वसई. तिथला किल्ला म्हणजे तटाच्या आत वसलेलं अख्खं पोर्तुगीज शहर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांनी जिंकलं. आज लोक पडकी चर्च बघतात, फोटो काढतात आणि जेवायला घरी परत!

ही गर्दी बघून अनेकांना वाटतं, किल्ल्याला लागून कॅफे काढू. थांबा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. डिपॉझिट नंतर, नियम आधी.

माझं मत स्पष्ट आहे: इथे गाळा नको, अर्धा दिवस विका. रीतसर परवानगी काढून दोन तास किल्ला दाखवा, मग गावातल्याच एका घरी जेवण आणि निघताना हातात वसईच्या सुकेळ्यांचं पाकीट.

पण पणजीचं फोंताइन्हास लक्षात ठेवा. जुनी रंगीत घरं प्रसिद्ध झाली आणि दारातल्या फोटोवाल्यांना रहिवासीच वैतागले. म्हणून हिशेबाच्या वहीत गावकऱ्यांचा वाटा पहिल्या पानावर लिहा. त्यांना चार पैसे मिळाले, तरच तुमच्या पाहुण्याला कोणी ‘या, बसा’ म्हणेल.