सोळा राष्ट्रांची एक तारीख

परवां आमच्या घरांतील एका मुलीस परीक्षेकरितां संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदांच्या प्रवेशाच्या तारखा पाठ करावयाच्या होत्या. पाठ करतां करतां ती थबकली व आमच्यापाशीं येऊन म्हणाली, "आजोबा, नेपाळ, सिलोन, इटली, पोर्तुगाल ह्या सगळ्यांची तारीख एकच कशी हो? १४ डिसेंबर १९५५. छापण्यांत चूक तर नाहीं?" चूक नव्हती. त्या दिवशीं सोळा राष्ट्रें एकदम आंत घेण्यांत आलीं. तें कसें घडलें, हें तिला सांगतांना आमची दुपार गेली. तेंच वाचकांपुढें ठेवितों.

१९४५ सालीं संघ स्थापन झाला तेव्हां सभासद ५१ होते. त्यांत हिंदुस्थानही होता, आणि तोही परतंत्र असतांना, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. मागाहून येणाऱ्यांसाठीं सनदेच्या चौथ्या कलमांत अटी आहेत. अर्जदार राष्ट्र शांतताप्रिय असावें, सनदेचीं बंधनें त्यानें पत्करावीं, आणि तीं पाळण्याची शक्ति व इच्छा त्याच्या ठायीं आहे असें संघास वाटावें. अर्ज सरचिटणिसांकडून सुरक्षा परिषदेकडे जातो. परिषदेच्या आजच्या १५ मतांपैकीं ९ अनुकूल पडलीं पाहिजेत, आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया व चीन ह्या पांचांपैकीं एकाचेंही विरुद्ध मत पडतां कामा नये. परिषदेनें शिफारस केली म्हणजे मग आमसभेंत दोन-तृतीयांश मतें लागतात. खरी मेख त्या पांचांत आहे.

महायुद्ध संपतें न संपतें तोंच अमेरिका व रशिया ह्यांच्यांत वितुष्ट आलें. बल्गेरिया, हंगेरी इत्यादि रशियाच्या गोटांतील राष्ट्रांस पाश्चात्य मंडळी पुरेशीं मतें मिळूं देत ना, आणि इटली, ऑस्ट्रिया, आयर्लंड दारांत आलीं कीं रशिया नकाराधिकार वापरी. १९४८ सालीं सिलोनचा अर्जही रशियानें असाच अडविला. ह्या वादांत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचें मतही मागविण्यांत आलें होतें. २८ मे १९४८ रोजीं ९ विरुद्ध ६ मतांनीं न्यायालयानें सांगितलें कीं, चौथ्या कलमांतील अटी तेवढ्याच. 'अमक्यास घ्याल तर तमक्यास मत देऊं' अशी नवी अट घालण्याचा सभासदांस अधिकार नाहीं.

आम्हांस हें वाचतांना जुनी एक गोष्ट आठवते. एका शाळेंत नादारीचे अर्ज ठरविण्याच्या बैठकीस आम्ही बसत असूं. दोन वजनदार गृहस्थ एकमेकांचीं मुलें अडवून धरीत, आणि अखेर दोघांचींही नांवें मंजूर होत. ज्याच्या पाठीशीं कोणीच नव्हतें असा एक हुशार मुलगा त्या ओढाताणींत दोन वर्षें राहून गेला. आम्ही गप्प बसलों होतों, हेंही सांगितलें पाहिजे.

न्यायालयाच्या मताचा उपयोग फारसा झाला नाहीं. १९५५ च्या डिसेंबरांत, कॅनडाच्या पॉल मार्टिन ह्यांच्या खटपटीनें, अठरा राष्ट्रांची एकच मोट बांधण्यांत आली. १३ तारखेस ती परिषदेंत सुटली. चीनची जागा तेव्हां फोर्मोसांतील सरकारकडे होती. त्यानें मंगोलियास नकार दिला, आणि त्याच्या बदल्यांत रशियानें पाश्चात्यांच्या बाजूचीं राष्ट्रें अडविलीं. दुसऱ्याच दिवशीं रशियानें सुचविलें कीं मंगोलिया व जपान हीं दोन वगळून बाकीचीं सोळा घ्यावीं. तीं घेतलीं गेलीं. जपानचा अपराध कोणता, तर मंगोलियाच्या जोडीस कोणी तरी बाहेर राहावयास हवें होतें! जपान १८ डिसेंबर १९५६ रोजीं आंत आलें. मंगोलियास १९६१ उजाडलें.

कित्येक म्हणतात कीं कायदा राहो, सोळा राष्ट्रांची कोंडी तर फुटली. तें खोटें नव्हे. नेपाळ व सिलोन हीं आपलीं शेजारी राष्ट्रें त्यामुळेंच आंत आलीं. पण मोटेंत कोण कोण होतें तेंही पाहावें. पोर्तुगाल होतें, आणि गोमंतक तेव्हां त्याच्याच टाचेखालीं होता. आदल्या वर्षीं स्वयंसेवकांनीं दादरा व नगरहवेली मुक्त केली होती. त्यांत आपले सुधीर फडकेही होते. संघाच्या सभासदास त्या न्यायालयाचें दार आपोआप उघडतें. १४ तारखेस प्रवेश मिळालेल्या पोर्तुगालनें २२ तारखेस, म्हणजे अवघ्या आठ दिवसांत, दमणहून त्या मुलुखांत जाण्याची वाट अडविल्याबद्दल भारतावर दावा गुदरला! १२ एप्रिल १९६० च्या निकालांत खासगी माणसें, मुलकी अधिकारी व माल ह्यांस वाटेचा हक्क होता, सैन्यास नव्हता, आणि भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, असें ठरलें. शांतताप्रियतेची अट ह्या अर्जदारास कोणी बारकाईनें लावून पाहिली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

"आतां तरी एकेकाचा विचार होतो ना?" मुलीनें विचारलें. १९७२ सालीं बांगलादेशास चीननें अडविलें. त्याला १७ सप्टेंबर १९७४ पर्यंत थांबावें लागलें. १८ एप्रिल २०२४ रोजीं पॅलेस्टाइनच्या बाजूस १२ मतें पडलीं, दोघे तटस्थ राहिले, आणि एकट्या अमेरिकेच्या विरुद्ध मतानें शिफारस फेटाळली गेली. दक्षिण सुदान मात्र ९ जुलै २०११ रोजीं स्वतंत्र झालें आणि १४ तारखेस १९३ वा सभासद झालें. पांचांपैकीं कोणाचीच हरकत नव्हती. ती तारीख तिला चटकन पाठ झाली.