फोटोमागची ओळ

मागच्या दिवाळीच्या आधी नांदेडला आत्याकडे गेलो होतो. घराला रंग द्यायचे काढले होते, त्यामुळे माळ्यावरची लोखंडी ट्रंक बऱ्याच वर्षांनी खाली उतरली. तिच्यातून एक अल्बम निघाला. काळ्या जाड कागदाची पाने, दोन पानांमध्ये जाळीदार पातळ कागद आणि फोटोंचे कोपरे कागदी त्रिकोणांत अडकवलेले. १९७४ साली आत्याच्या सासरची मंडळी बस ठरवून त्रिस्थळी यात्रेला गेली होती, तेव्हाचा हा अल्बम. काशी, प्रयाग, गया. एका फोटोत बसपुढे एकोणीस माणसे उभी. आत्याने चष्मा पुसला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नावे सांगू लागली. नऊ जणांपर्यंत बोट न अडखळता गेले. दहाव्या बाईंपाशी थांबले.

"यांचं नाव काही आठवत नाही बघ. पण गयेला मला ठेच लागली तेव्हा यांनीच हळद दाबली होती."

फोटो अलगद सोडवून मागे पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुढची पानेही उलटून पाहिली, सगळीच कोरी. माणसे आहेत, घाट आहेत, नावा आहेत, आणि कोण, कुठे, कधी याचा पत्ता नाही. ज्यांनी फोटो लावले त्यांना सगळे ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? पन्नास वर्षांनी ठाऊक असणारे एकच माणूस उरले, आणि त्याचेही बोट दहाव्या चेहऱ्यावर अडले.

त्याच ट्रंकेत तळाशी आजोबांची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी, दुकानात वापरतात तसली. शके १८५५च्या, म्हणजे १९३३ सालच्या कार्तिकी वारीचा हिशेब. काही मोडीत, काही बाळबोधीत. खर्चाचे दोन रकाने: एक 'हाली', दुसरा 'कलदार'. आजच्या वाचकाला हे कोडे वाटेल. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तिथे हैदराबादचा हाली शिक्का चाले. पंढरपूर इंग्रजी मुलखात. तिथे कलदार रुपया. विठ्ठलाच्या दर्शनाला जाणाऱ्या लातूरकराला वाटेत नाणे बदलावे लागे. दोन राज्यांमधली ही सीमा शाळेच्या इतिहासात आम्ही वाचली होती. ती आजोबांच्या खिशातून कशी जात होती, हे मात्र या दोन रकान्यांनी दाखवले.

आणि मधूनच हिशेब सोडून एखादी ओळ: "कुर्डूवाडीस गाडी उशिरा. रात्र फलाटावर. थंडी फार. तात्याची घोंगडी दोघांत." या प्रवासाचा एकही फोटो नाही. तरीही अल्बममधल्या एकोणीस माणसांपेक्षा फलाटावरची ही दोन माणसे मला अधिक स्पष्ट दिसली.

ती गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेला, अडीच फूट रुंदीचा हा रूळमार्ग १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाला, १९०६ साली पंढरपूरला आणि १९११ साली लातूरला पोहोचला. मोंढ्यातला माल त्या गाडीने गेला तसे वारकरीही गेले. २००७-०८ मध्ये त्या मार्गाची मोठी लाइन झाली आणि लातूरकरांच्या तीन-चार पिढ्यांनी जिची टिंगल केली आणि जिच्यावर मायाही केली ती गाडी इतिहासजमा झाली. तिच्या इंजिनांचे फोटो रेल्वेच्या हौशी लोकांनी काढलेले आहेत. पण तिच्या डब्यात बसलेल्या माणसांनी काय खाल्ले, कोण कोणाला चिकटून झोपले, हे आपल्या घरातल्या वह्यांतच सापडायचे. आणि त्या वह्या रद्दीत जातात.

प्रवासाची आठवण जपणे ही साहेबांकडून आलेली हौस आहे, असे आपल्याला उगाच वाटते. अल्बम साहेबांकडून आला, हे खरे. जपण्याची खोड मात्र आपली जुनी आहे. चौदाव्या शतकात महानुभावांनी 'स्थानपोथी' सिद्ध केली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ही नोंद आहे: देऊळ कोणत्या तोंडाचे, ओटा कोणत्या अंगाला, मठ नदीपासून कोणीकडे. गुरू डोळ्यांआड झाल्यावर निदान त्यांची पावले पुसली जाऊ नयेत, ही तळमळ त्या कोरड्या दिशांमागे आहे. नामदेवांच्या नावावरची 'तीर्थावळी' आहे. त्यात ज्ञानदेवांबरोबरचा तीर्थप्रवास आहे. याच नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या ग्रंथाला गुरुपद मिळाले ते १७०८ साली, नांदेडात. गोदाकाठच्या या गावात आजही पंजाबातून रोज माणसे येतात, तेव्हा हजूर साहिबच्या ओढीने आलेल्या त्या यात्रेकरूंत आणि आपल्या वारकऱ्यांत वाटेचे एक जुने नाते असते.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हा तर याहून मोठा ठेवा. आपण तीर्थाला गेलो की उपाध्ये आपले गाव आणि आडनाव विचारतात, बाड उघडतात आणि पणजोबांचे नाव, बरोबर आलेल्यांची नावे, कधी त्यांच्या हातची सही आपल्यापुढे ठेवतात. मग आपणही आपली आणि मुलांची नावे सांगतो. ही शेकडो वर्षे चाललेली, सगळ्यांनी मिळून लिहिलेली प्रवासवहीच आहे. तिच्यात चित्र एकही नाही, पण "कोण आले होते?" या प्रश्नाचे उत्तर आहे.

आणि गोडसे भटजी. वरसईचे हे गरीब ब्राह्मण १८५७ साली कर्ज फेडण्यासाठी, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळवलेले वाटेत लुटले गेले. घरी आणली ती गंगेची कावड. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून सुमारे पाव शतकानंतर त्यांनी हे लिहून काढले आणि त्यांच्या पश्चात १९०७ साली 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला. कोणी आग्रह धरला नसता तर? कोकणातल्या एका ओसरीवर चार रात्री सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याबरोबरच संपली असती. वैद्यांनी केले ते एवढेच, की पाहून आलेल्या माणसाला "लिहा" म्हटले.

आपल्या भागात प्रवासाचा फोटो हा आणखी एका कारणाने मोलाचा आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत सामान्य घरात फोटो काढण्याचे प्रसंग मोजके असत. लग्न, शाळेचा ग्रुप फोटो आणि यात्रा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे, चंद्रभागेच्या वाळवंटात, तिरुपतीला मुंडण झाल्यावर. ज्या घरात क्लिक थ्री कॅमेरा होता तिथेही एका रोलमध्ये बारा फोटो बसत, म्हणून तो जपून, सगळे एकत्र आले की बाहेर निघे. म्हणजे कुटुंबातली सगळी माणसे एका जागी, अंगावर बरे कपडे आणि तोंडावर हसू, असे जे थोडे कागद आपल्याकडे आहेत ते बहुतेक प्रवासातले आहेत. सहलीचा अल्बम हीच घराची वंशावळ होऊन बसली आहे.

याची किंमत मला १९९३ साली कळली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चार वाजायला चार मिनिटे असताना किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसे गेली. माणसांचा हिशेब झाला, घरांचा झाला, गुरांचाही झाला. ढिगाऱ्यात गेलेल्या कागदांचा हिशेब कोण करणार?

त्या वर्षीची दिवाळी कोणी केली नाही. ती उलटल्यावर औसा तालुक्यातले आमचे एक नातेवाईक लातूरला घरी आले. त्यांची पत्नी आणि थोरला मुलगा गेले होते. बराच वेळ ते पाणीसुद्धा न घेता बसले. मग वडिलांना म्हणाले, "दादा, आपण पंढरपूरला गेलो होतो तवाचा फोटो तुमच्यापाशी असंल का? आमच्याकडं आता तिचा एक बी न्हाई."

फोटो होता. वडिलांनी तो काढून हातात दिला. त्यांनी नुसते पाहिले. डोळ्यांत पाणीही आले नाही. मग त्यांनी तो उलटा केला. वडिलांना सवय होती, मागे शिसपेन्सिलीने लिहायची. तारीख होती, डावीकडून उजवीकडे नावे होती आणि खाली एक ओळ: "परतताना कुर्डूवाडीला गाडी चुकली. वहिनी हसत सुटल्या, मग सगळेच." ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि घरात आल्यापासून पहिल्यांदा बोलू लागले. गाडी कशी चुकली, भाकरीचे गाठोडे कोणाकडे राहिले, ती का हसत होती. तासभर बोलत राहिले. चेहरा फोटोने परत दिला होता. तिच्याविषयी बोलता येणे त्या ओळीने परत दिले.

तेव्हापासून माझे मत असे की प्रवासाची आठवण फोटोने निम्मीच राहते. उरलेली निम्मी दोन ओळींनी राहते, आणि नेमक्या त्या दोन ओळींचा आपण कंटाळा करतो.

आज कंटाळ्याला निमित्तही चांगले मिळाले आहे. पुतण्या केरळला जाऊन आला. आठ दिवसांत दोन हजारांवर फोटो. फोनला तारीख कळते, जागाही कळते, आता तो चेहरेही ओळखतो. मग लिहायचे काय? लिहायचे ते हे, की होडीत शेजारी बसलेले आजोबा कोण होते आणि त्यांनी काय सांगितले. कोणत्या वळणावर आईला मळमळले आणि कोणी लिंबू दिले. फोनला हे कळत नाही. त्यातून फोन हरवतो, पासवर्ड विसरतो, फुकटची जागा भरते. काळ्या पानांचा अल्बम निदान माळ्यावर पन्नास वर्षे वाट पाहत पडून होता. मी फोनच्या विरुद्ध नाही. दोन हजारांतले वीस निवडावेत, छापून घ्यावेत आणि प्रत्येकामागे दोन ओळी लिहाव्यात, एवढेच म्हणणे आहे.

थोडे व्यवहाराचेही सांगतो. छापील फोटोमागे लिहायचे तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले अल्बम ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी आले. त्यांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. असा फोटो ओढून काढू नका, आहे तिथेच त्याचा फोटो घ्या. हल्लीच्या छापील पावत्या आणि बसची तिकिटे काही महिन्यांत कोरी होतात. जपायची असतील तर त्यावरचा मजकूर वहीत उतरवा. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पत्र्याखालचा माळा ही अल्बमची जागा नव्हे. आतल्या खोलीतले कपाट बरे. आणि किल्लारीने शिकवलेली गोष्ट: एक प्रत दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या घरात ठेवा.

हे फक्त घराघरांवर सोडून भागणार नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली, भूकंपानंतरच्या वर्षी स्थापन झाले. लातूर जिल्हाही त्याच्या कक्षेत येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी एकेका गावातले यात्रांचे अल्बम आणि हिशेबाच्या वह्या पाहाव्यात, म्हाताऱ्या माणसांना विचारून नावे लिहून घ्यावीत, प्रती काढून मूळ कागद घरी परत द्यावेत. पुनर्वसित गावांपासून सुरुवात करता येईल. फारसा पैसा लागणार नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे, कारण हाली आणि कलदार हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले ती पिढी नव्वदीच्या घरात आहे.

नांदेडला मी एक दिवस अधिक राहिलो. आत्या सांगत गेली आणि मी एकेका फोटोमागे पेन्सिलीने लिहीत गेलो. एकोणिसांपैकी चौदा नावे लागली. चार जागा रिकाम्या ठेवल्या. दहाव्या बाईंच्या मागे आत्याने सांगितले तसे लिहिले: "नाव आठवत नाही. गयेला ठेच लागली तेव्हा यांनी हळद दाबली."