एक हात अंतर

बाबांची बदली बेंगळुरूला झाल्यापासून प्रत्येक सुट्टीत मी आणि ताई बिडदीजवळच्या वंडरलाला जातो. गर्दीच्या युक्त्या पाठ झाल्या आहेत: रविवार टाळायचा, गेट उघडताच मोठ्या राइड्स उरकायच्या.

पण युक्तीपेक्षा शिस्त मोठी, असे माझे मत आहे. एकदा रांगेत मीच घाईने रेटा दिला आणि पुढचा लहान मुलगा रेलिंगवर आदळला. ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ४ जून २०२५ ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचे प्राण गेले, तेव्हा तो मुलगा आठवला.

ड्रिलमध्ये उस्ताद एक हात अंतर ठेवायला लावतात, त्याचा मला कंटाळा यायचा. गर्दीत ते अंतर म्हणजे पुढच्याचा श्वास असतो. कॅडेटने ते अंगावर गणवेश नसतानाही राखले पाहिजे.