सांगण्याची कृपा करतील काय?

लोकसभेतल्या प्रश्नाचा पोशाख ठरलेला असतो. ‘संरक्षणमंत्री हे सांगण्याची कृपा करतील काय, की...’ अशी सुरुवात, आणि मग (अ), (ब), (क) अशी पोटकलमे. विनंतीच्या अंगरख्याखाली जाब लपवण्याची ही रीत मराठीच्या मास्तराला आवडावी अशीच आहे. आमचे बारामती आणि शेजारचे इंदापूर हे दोन्ही तालुके एकाच लोकसभा मतदारसंघात. तेव्हा इकडच्या माणसांचा जाबही हाच अंगरखा घालून दिल्लीस जायचा.

प्रकृतीच्या कारणावरून सैन्यातून घरी पाठवलेल्या जवानांविषयी असे प्रश्न संसदेत अधूनमधून विचारले जातात. किती जवान घरी गेले, किती जणांना निवृत्तिवेतन मिळाले? उत्तरादाखल आकड्यांचा तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो आणि आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. खरी गोम आकड्यांत नसते, वाचकहो. ती एका वाक्यात असते.

ते वाक्य मला इंदापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने दाखवले. वर्ग सुटल्यावर तो घडी घातलेला कागद घेऊन आला. “सर, आबांचा कागद आहे. एवढं वाचून अर्थ सांगता का?” त्याचे वडील सैन्यात असताना आजारी पडले आणि नोकरीची मुदत पुरी व्हायच्या आधीच घरी आले. कागदावर वैद्यकीय मंडळाचा शेरा होता : ‘नायदर अ‍ॅट्रिब्यूटेबल टू नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस.’ म्हणजे, आजार सैन्यातल्या नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे बळावलेलाही नाही.

या शेऱ्याची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की ‘नाना’ होते, आणि असा आजार ‘नाना’ म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस, चार पैसे आणणारा. हा नाना नेमका उलटा! अपंगत्व वीस टक्के किंवा अधिक असले, तरी या दोन अक्षरांपायी अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हातचे जाते.

मी अर्थ सांगितला. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “पण सर, भरतीच्या वेळी डॉक्टरांनी आबांना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं होतं. तेव्हा हा आजार कुठं होता?”

त्या पोराला ठाऊक नव्हते, पण हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उचलून धरला होता. धरमवीर सिंग नावाचा जवान १९८५ साली भरती झाला आणि फेफऱ्याच्या विकारामुळे १९९४ साली घरी पाठवला गेला. त्याच्या खटल्यात न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ लावला, तो असा : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे बिघडलेली प्रकृती सेवेमुळेच बिघडली असे धरावे; तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही; मंडळाने आपल्या मताची कारणे लिहावीत; आणि शंकेचा फायदा जवानास द्यावा. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. तेव्हा आता माणूस कोणत्या तारखेला घरी आला, हेही आधी पाहावे लागते.

दाद मागायला सैन्यदल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झाले २००९ साली आणि खंडपीठ मुंबईस आहे. इंदापूरच्या आजारी माणसाने वकील गाठून मुंबईच्या खेपा घालाव्यात, तेव्हा कुठे त्या दोन अक्षरांची झाडाझडती व्हायची!

सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरचा मजकूर आहे. पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेतले, मुलगा नसेल तेथे बायकोस निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले. जखम डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा हिशेब सोपा. बर्फात काढलेली वर्षे, रात्रीचे पहारे आणि घरच्या काळज्या यांनी रक्तात काय कालवले, ते दिसत नाही. म्हणून तर कारण लिहिण्याचे बंधन हवे.

तेव्हा आपल्या खासदारांना माझे सांगणे एवढेच, की नुसते ‘किती’ विचारू नका. विचारा : (अ) गेल्या पाच वर्षांत किती जवानांच्या कागदावर ‘नाना’चा शेरा पडला, (ब) त्यांपैकी किती जणांच्या भरतीच्या कागदावर तो आजार नोंदलेला होता, (क) किती शेऱ्यांखाली कारण लिहिले होते, (ड) न्यायाधिकरणात जिंकलेल्या किती जवानांविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात गेले? प्रश्न तारांकित असला तर मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. ‘माहिती गोळा करीत आहोत’ असे उत्तर आले, तर ते आश्वासन धरले जाते. त्याचा पाठपुरावा करणारी समिती लोकसभेत १९५३ पासून आहे.

आणि खासदारांना प्रश्न सुचवायचे कोणी? ते काम आपले. दिवाळीची शुभेच्छापत्रे लिहिताना एक पत्र त्यांनाही लिहावे. त्या मुलाचा प्रश्न मी माझ्या पत्रात जसाच्या तसा घातला आहे. त्यात ‘कृपा’ हा शब्द तेवढा नाही. तो दिल्लीत घालून घेतील.