आल्याचं मूळ

पाऊस सुरू झाला की दादर स्टेशनबाहेरच्या भाजीगल्लीत आल्याचे ढीग लागतात. परवा पाव किलो घेत होते. सोबतच्या नातीनं एक गड्डा नखानं खरवडला, वास घेतला आणि विचारलं, "आजी, आल्याला इंग्रजीत जिंजर का म्हणतात गं?"

घरी येऊन माग काढला. इंग्रजीत हा शब्द शिरला त्याला हजार वर्षं झाली. तो गेला लॅटिनच्या 'झिंगिबेर'वरून. लॅटिननं तो ग्रीकांच्या 'झिंगिबेरिस'वरून घेतला आणि ग्रीकांकडे तो आपल्या किनाऱ्यावरच्या मालाबरोबर पोचला. पालीत आलं म्हणजे 'सिंगिवेर', संस्कृतात 'शृंगवेर'. शृंग म्हणजे शिंग. फाटे फुटलेला गड्डा पाहिला की हे पटकन पटतं.

पण अभ्यासक आणखी एक पायरी खाली उतरतात. तमिळमध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात आणि 'वेर' म्हणजे मूळ. दक्षिणेचा हा शब्द कानावर पडला तेव्हा संस्कृतानं गड्ड्याच्या आकाराकडे पाहून त्यात आपलं 'शृंग' बसवलं, असं ते मानतात. ॲलन रॉस या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं तर १९५२ साली या एका शब्दावर आख्खं पुस्तक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन चालत माटुंग्याच्या बाजारात गेले. एक तमिळ आजी भाजीवाल्याकडे 'इंजी' मागत होत्या. नातीनं माझा हात घट्ट दाबला. पुढे वाळ्याची जुडी दिसली. ती हातात घेऊन मी त्या आजींना नाव विचारलं. "वेट्टिवेर," त्या म्हणाल्या. अत्तराच्या बाटलीवर इंग्रजीत 'वेटिव्हर' लिहितात, ते हेच. त्यातही तेच 'वेर', तेच मूळ.

आपलं 'आलं' आलंय 'आर्द्रक'वरून. आर्द्र म्हणजे ओलं. तेच वाळलं की सुंठ. एकाच गड्ड्यात तमिळला मूळ दिसलं, संस्कृताला शिंग, मराठीला ओलावा. भाषा शिकायची ती यासाठी: दुसऱ्यानं तीच वस्तू कशी पाहिली, ते कळावं म्हणून.

'जिंजर' सातासमुद्रापार जाऊन नव्या नावानं परत आला. त्याच्या माहेरची माणसं मात्र आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. संध्याकाळी चहात आलं किसताना नात म्हणाली, "आजी, इंजी जरा जास्त घाल."